खोट्या नावाने उघडणारे दार

मार्गशीर्षातील एका चौथ्या शनिवारी सकाळी अमळनेरहून माझ्या वडील भगिनीचा फोन आला. “भाऊ, औषध दोन दिवसांपुरतंच उरलंय. मागची बाकी दिल्याशिवाय दुकानदार पुढचं देणार नाही,” हे सांगताना तिचा स्वर संकोचाने खाली गेला होता. “अक्का, काळजी करू नकोस. दुपारपर्यंत पैसे पोचतील,” असे मी तिला सांगितले आणि संगणकापुढे जाऊन बसलो.

मी राहतो ते बमरोली गाव आता सूरत शहराचाच एक भाग झाले आहे. शेजारी उधना आणि पांडेसरा. दिवसरात्र यंत्रमागांचा खटखटाट. उधन्याहून जी रेल्वे तापीच्या खोऱ्याने नंदुरबार, अमळनेर, जळगाव करीत भुसावळला जाते, तिच्या वाटेने खानदेशातील असंख्य कुटुंबे पोटासाठी येथे आली. त्यांच्या मुलांना महानगरपालिकेच्या मराठी शाळेत शिकविण्यात माझे आयुष्य गेले. आता निवृत्तिवेतनावर निर्वाह चालतो, आणि त्यातूनच दरमहा थोडी रक्कम भगिनीकडे जाते. माझा फोन जुन्या पद्धतीचा, बटणांचा आहे. लहान पडद्यावरील बारीक अक्षरे माझ्या दृष्टीस पेलत नाहीत. म्हणून संगणकावर अक्षरे मोठी करून मी बँकेचा व्यवहार करतो. शाखा त्या दिवशी बंद होती आणि दुसऱ्या दिवशी रविवार. परंतु १६ डिसेंबर २०१९ पासून एका बँकेतून दुसऱ्या बँकेत पैसे पाठविण्याची राष्ट्रीय व्यवस्था आठवड्याचे सातही दिवस, आठही प्रहर चालू असल्यामुळे मला त्याची चिंता नव्हती.

चिंता वेगळ्याच ठिकाणी उद्भवली. बँकेचे संकेतस्थळ उघडताच पडद्यावर एक वाक्य आले: आपला ब्राउझर येथे चालणार नाही, अमुक प्रणालीवरील अमुक ब्राउझर वापरा. त्याखाली काही नव्हते. माझे नाव विचारले नाही, खाते विचारले नाही, परवलीचा शब्द विचारला नाही. मी कोण, हे कळण्याच्या आधीच मला दारातून परत पाठविण्यात आले होते.

यामागे थोडा इतिहास आहे. माझ्या जुन्या संगणकात विंडोज १० ही प्रणाली होती, आणि तिची नियमित देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. देखभाल संपलेल्या प्रणालीवर पैशाचे व्यवहार करणे धोक्याचे, आणि नवी प्रणाली त्या जुन्या यंत्रास झेपणारी नव्हती. म्हणून माझ्या नातवाने त्यात लिनक्स ही मुक्त प्रणाली आणि तिच्यावर फायरफॉक्स हा ब्राउझर बसवून दिला. दोन्ही अद्ययावत, दोन्ही विनामूल्य. म्हणजे जो बदल मी केवळ सुरक्षिततेसाठी केला, त्याच बदलामुळे सुरक्षिततेच्या नावाखाली मला दार बंद झाले. आणि जुनी, उघडी पडलेली प्रणाली तशीच ठेवली असती, तर त्याच दारातून मला सन्मानाने आत घेतले असते!

नातू शेजारीच बसला होता. तो हसून म्हणाला, “आजोबा, दोन मिनिटं द्या.” त्याने काही कळा दाबल्या आणि पान पुन्हा उघडले. या खेपेस दार उघडले. मी माझे नाव घातले, परवलीचा शब्द घातला, फोनवर आलेले सहा आकडे घातले आणि तीन हजार रुपये अमळनेरला रवाना झाले. कोठे काही अडले नाही, कोठे काही तुटले नाही.

“काय केलंस तू?” मी विचारले.

“काही नाही. ब्राउझरला दुसऱ्याचं नाव सांगायला लावलं. त्यांना वाटतं आपण विंडोजवरून आलोय. सगळेच करतात, आजोबा.”

शेवटचे तीन शब्द ऐकून माझ्यातला शिक्षक दचकला. ‘सगळेच करतात’ हे कारण मी वर्गात कोणाचेही कधी ऐकून घेतले नव्हते. अक्काच्या औषधाची सोय झाली, याचे समाधान होते. पण त्या रात्री झोप लवकर आली नाही. माझेच पैसे, माझ्याच भगिनीसाठी, माझ्याच खात्यातून काढताना मी खोटे बोललो होतो काय? आणि बोललो असेन, तर त्या असत्याचा धनी कोण?

प्रथम येथे घडते काय, ते पाहू. ब्राउझर हे संकेतस्थळे पाहण्याचे साधन. ते एखाद्या संकेतस्थळाकडे पान मागते, तेव्हा प्रत्येक वेळी आपले नाव, आपली आवृत्ती आणि आपण कोणत्या प्रणालीवर चालतो हे एका ओळीत कळविते. कोर्टातील चोपदार पक्षकाराचे नाव पुकारतो, तसाच हा प्रकार. फरक एवढाच, की हा चोपदार स्वतः पक्षकाराने नेमलेला असतो आणि पक्षकार सांगेल ते नाव पुकारतो. त्या नावाचा कोणताही पुरावा त्या ओळीत नसतो.

या ओळीचा इतिहास तर मौजेचा आणि उद्बोधक आहे. १९९४ साली नेटस्केप हा ब्राउझर निघाला. ‘मोझिला’ या टोपणनावाने तो आपली ओळख सांगे. त्याला काही नव्या गोष्टी येत असत, म्हणून पुष्कळ संकेतस्थळे ‘मोझिला’ हे नाव ऐकले तरच चांगले पान देत आणि इतरांना साधे पान देत. १९९५ साली मायक्रोसॉफ्टचा इंटरनेट एक्सप्लोरर आला. पुढे त्यालाही त्या गोष्टी येऊ लागल्या. पण नाव वेगळे असल्यामुळे चांगले पान मिळेना. तेव्हा तोही आपण ‘मोझिला’च असल्याचे सांगू लागला. मागून आलेल्यांनी हाच कित्ता गिरविला. २००८ साली आलेला क्रोमदेखील आजतागायत आपली ओळख ‘मोझिला’ या शब्दानेच सुरू करतो. संकेतस्थळांनी योग्यता पाहण्याऐवजी नाव पाहिले. म्हणून सर्वांनी नाव खोटे केले. आणि अखेर त्या नावाला काही अर्थच उरला नाही. अनुचित प्रश्नाने प्रामाणिक उत्तराची परंपरा कशी बुडते, याचे इतके स्वच्छ उदाहरण मला दुसरे ठाऊक नाही.

आता मूळ नैतिक प्रश्नाकडे वळू. माझा पैसा बँकेत आहे. त्याच्याशी बँकेचे नाते कोणते? आपल्या धर्मशास्त्रकारांनी या नात्याचा विचार फार बारकाईने केला आहे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात व्यवहाराची जी अठरा पदे सांगितली आहेत, त्यांत ऋणादानाच्या लगोलग दुसरे स्थान निक्षेपाला, म्हणजे विश्वासाने ठेवलेल्या ठेवीला दिले आहे. याज्ञवल्क्यस्मृतीत उपनिधीचे स्वतंत्र प्रकरण आहे, आणि कौटिल्यानेही तो विषय सोडलेला नाही. मनूने तेथे सांगितलेला एक नियम माझ्या प्रश्नाच्या अगदी वर्मावर बोट ठेवतो. ठेव ज्या रीतीने दिली असेल, त्याच रीतीने ती परत घेता यावी. देणे जसे, तसेच घेणे, असा त्याचा आशय आहे. ठेवताना नसलेली अट परत देताना घालता येत नाही. मी या बँकेत खाते उघडले, तेव्हा कोणत्या वाटेने, कोणत्या वाहनाने आलो, हे कोणी विचारले नव्हते. त्यानंतर दर महिन्यास माझे निवृत्तिवेतन तेथे जमा होत आले आहे. ते आत जाताना ब्राउझर आड येत नाही. बाहेर येतानाच येतो.

यावर कायद्याचा जाणकार म्हणेल, की स्मृतीतील निक्षेप आणि बँकेतील ठेव या एक वस्तू नव्हेत. ते खरे आहे. १८४८ साली इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने फोली विरुद्ध हिल या खटल्यात निर्णय दिला, की बँक ही ठेवीची विश्वस्त नसून ग्राहकाची ऋणको आहे. पैसे बँकेचे होतात आणि तिच्यावर तेवढे देणे राहते. परंतु या निर्णयाने बँकेची बाजू सुटत नाही, उलट तिचे उत्तरदायित्व अधिक स्पष्ट होते. एरवी ऋणकोने धनकोस शोधून त्याचे देणे फेडावे, ही रीत. बँकेच्या बाबतीत मात्र १९२१ च्या जोकिमसन खटल्यात असे ठरले, की ग्राहकाने आपल्या खात्याच्या शाखेत येऊन मागणी करावी, मग बँकेने पैसे द्यावे. ही बँकेला दिलेली सवलत आहे. ग्राहकाने तिच्या दाराशी जायचे. पण ते दार उघडे ठेवायचे, हा त्या सवलतीचा दुसरा अर्धा भाग होय. पूर्वी ते दार लाकडाचे होते. आज अनेकांसाठी ते काचेचे, म्हणजे पडद्याचे झाले आहे. दाराचे द्रव्य बदलले म्हणून कर्तव्य बदलत नाही.

सुरतेला तर हे शिकविण्याचे कारणच नव्हते. हे शहर एके काळी हुंडीच्या व्यवहाराचे मोठे ठाणे होते. दर्शनी हुंडी दाखविताच पटे, मुदती हुंडी मुदतीनंतर पटे, आणि शहाजोग हुंडीचे पैसे पेढीवाला केवळ बाजारात पत असलेल्या शाहालाच देई. म्हणजे चौकशी होती, कसून होती. पण ती आणणाऱ्याच्या पतीची आणि कागदाच्या खरेपणाची होती. तो उंटावरून आला की गलबतातून, हे कोणी विचारीत नसे. हुंडी हरवली तर ‘पेठ’ लिहून देत, तीही हरवली तर ‘परपेठ’. धनकोची अडचण ओळखून तिच्यावर उपाय आधीच करून ठेवणारी ती पद्धत होती.

आणि याच गुर्जरभूमीने हुंडीची सर्वांत मोठी कथा आपल्याला दिली. द्वारकेस निघालेल्या यात्रेकरूंना जुनागडच्या नरसी मेहत्याने द्वारकेच्या शामळशा शेठवर सातशे रुपयांची हुंडी लिहून दिली. यात्रेकरू द्वारकेत पोचले, तो त्या नावाचा सावकारच कोणाला माहीत नाही! तेव्हा भगवंत स्वतः शेठचे रूप घेऊन त्या यात्रेकरूंना शोधीत आले आणि हुंडी पटविली. महिपतीबुवांच्या भक्तविजयामुळे नरसी मेहता महाराष्ट्राच्याही घरोघरी पोचला. आपण ती कथा भक्तीची म्हणून ऐकतो. पण तिच्यात सावकारीचा एक आदर्शही आहे: खरा सावकार तो, की जो घेणेकऱ्याचा शोध घेत येतो.

एवढ्या उंचीवर कोणत्याही बँकेने पोचावे, अशी माझी अपेक्षा नाही. पण त्या दिशेने चाललेली बँक आपल्याच लोकांनी पाहिलेली आहे. या मासिकाच्या वाचकांना उडुपीचा इतिहास मी सांगावा असे नाही; तरी स्मरण करून देतो. १९२५ साली उपेंद्र पै, वामन कुडवा आणि डॉ. टी. एम. ए. पै यांनी तेथे जी बँक काढली, ती मुख्यतः अडचणीत आलेल्या हातमाग विणकरांना हात देण्यासाठी. पुढे सिंडिकेट बँक म्हणून ती देशभर प्रसिद्ध झाली आणि १ एप्रिल २०२० रोजी कॅनरा बँकेत विलीन झाली. १९२८ साली तिने पिग्मी ठेवीची योजना सुरू केली. बँकेचा माणूस रोज दारोदार जाई आणि दोन आण्यांसारखी लहान रक्कमही जमा करून घेई. ज्याच्यापाशी बँकेत जाण्याजोगे कपडे नव्हते, वेळ नव्हता, धीर नव्हता, त्याच्या उंबऱ्याशी बँक गेली. विणकराच्या दाराशी जाणारी ती बँक आणि विणकरांच्या वस्तीतील माणसाला त्याच्या यंत्राच्या नावावरून परत पाठविणारे हे दार, या दोहोंमध्ये सुमारे शंभर वर्षांचे अंतर आहे. त्या काळात यंत्रे पुष्कळ पुढे गेली. विचार कोठे गेला, हे ज्याचे त्याने ठरवावे.

न्यायाने बोलायचे, तर पूर्वपक्षाचेही पूर्ण ऐकून घेतले पाहिजे. बँक म्हणेल: चोर फार झाले आहेत, जुन्या ब्राउझरातील छिद्रांतून ग्राहकांचे पैसे जातात, प्रत्येक ब्राउझरवर आमचे संकेतस्थळ तपासून पाहणे खर्चाचे काम आहे, म्हणून आम्ही दोन-तीन नेमून दिले. यात तथ्य आहे. भारतीय रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने असे ठरविले आहे, की चूक ग्राहकाची नसेल आणि त्याने तीन कामकाजाच्या दिवसांत कळविले असेल, तर तिऱ्हाइताने केलेल्या लबाडीचे नुकसान बँकेने सोसावे. ज्याच्यावर नुकसान सोसण्याची जबाबदारी, त्याने दाराशी पहारा ठेवणे स्वाभाविक होय. त्या पहाऱ्याबद्दल माझी तक्रार नाही. परवलीचा शब्द दोनदा विचारा, फोनवर आकडे पाठवा, संशय आला तर व्यवहार थांबवा. मी कृतज्ञ राहीन.

पण पहारा आणि नावावरून केलेली निवड या दोन गोष्टी भिन्न आहेत. एखादे साधन सुरक्षित आहे की नाही, हे त्याच्या अंगच्या गुणांवरून पाहता येते. बँक आणि ब्राउझर यांच्यामधला मजकूर गुप्त ठेवणारी जी सांकेतिक पद्धत आहे, तिच्या जुन्या आवृत्त्या प्रमुख ब्राउझरांनी २०२० च्या सुमारास सोडून दिल्या. नवी आवृत्ती ज्याला येत नाही, त्याला दाराशी थांबविणे सर्वथा योग्य. ही परीक्षा नाव न विचारता होते, आणि तिच्यात खोटे चालत नाही: येत असेल तर येते, नसेल तर नाही. माझा फायरफॉक्स त्या परीक्षेस उतरला असता; किंबहुना उतरलाच, कारण नाव बदलताच सर्व व्यवहार सुरळीत पार पडला. याउलट, नावाची परीक्षा चोराला मुळीच अडवीत नाही. चोर पहिल्याच पावलाला खोटे नाव सांगतो. ते त्याच्या धंद्याचे पहिले कलम आहे. जी कडी केवळ खरे बोलणाऱ्यालाच अडविते, तिला सुरक्षितता म्हणता येत नाही.

खर्चाच्या मुद्द्याचेही असेच आहे. वेबची मूळ रचनाच अशी, की पान एकदा सर्वसंमत नियमांप्रमाणे लिहिले, म्हणजे ते कोणत्याही ब्राउझरात दिसावे. ३० एप्रिल १९९३ रोजी जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेने वेबचे तंत्र सर्वांना विनामूल्य खुले केले, त्यामागे हीच उदार दृष्टी होती. भारत सरकारनेही नोव्हेंबर २०१० मध्ये आपल्या ई-शासनासाठी खुल्या मानकांचे धोरण स्वीकारले. सामायिक नियम पाळले, तर प्रत्येकासाठी वेगळी मेहनत फारशी उरत नाही. ती वाढते ती एकाच्याच लकबी गृहीत धरून लिहिल्याने.

या चुकीची किंमत एका संपूर्ण राष्ट्राने मोजली आहे. १९९० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिका बळकट सांकेतिक लिपीच्या निर्यातीवर निर्बंध ठेवून होती. दक्षिण कोरियाने तेव्हा ‘सीड’ नावाची स्वतःची लिपी तयार केली. हेतू स्तुत्य होता. पण ती ब्राउझरात बसविण्यासाठी इंटरनेट एक्सप्लोररमध्येच चालणाऱ्या जोडणीचा आश्रय घेतला गेला, आणि बँक, खरेदी, सरकारी कामे सर्व काही त्या एका ब्राउझरला बांधले गेले. निर्बंध २००० साली सैल झाले. बंधन मात्र राहिले. दुसरा ब्राउझर वापरणारा नागरिक आपल्याच देशात परका झाला. त्या व्यवस्थेच्या मुळाशी असलेल्या अधिकृत प्रमाणपत्राचा विशेष दर्जा कायद्याने काढून घेण्यास डिसेंबर २०२० उजाडावा लागला, आणि इंटरनेट एक्सप्लोररला खुद्द मायक्रोसॉफ्टने १५ जून २०२२ रोजी निरोप दिला. तात्पुरत्या सोयीसाठी घातलेली गाठ सोडविण्यास वीस वर्षे लागली.

असो. बँकेचा प्रश्न अनुचित होता, एवढे मला पटले. पण अनुचित प्रश्नाला असत्य उत्तर देण्याची मुभा त्यामुळे मला मिळते काय? १७९७ साली याच मुद्द्यावर दोन विचारवंतांचा वाद झाला. बेंजामिन कॉन्स्टंट या फ्रेंच लेखकाचे म्हणणे असे, की ज्याला सत्य जाणण्याचा अधिकार आहे त्याच्याशीच सत्य बोलण्याचे कर्तव्य असते. कांटने त्याला उत्तर दिले, की दाराशी मारेकरी येऊन मित्राचा ठिकाणा विचारू लागला, तरी असत्य बोलण्याचा हक्क उत्पन्न होत नाही. आपल्या महाभारताने हा प्रश्न कर्णपर्वात त्याच्याही फार पूर्वी सोडविला आहे. सत्यवादी म्हणून गाजलेल्या कौशिक नावाच्या ब्राह्मणाने पळत आलेल्या लोकांचा माग दरोडेखोरांना खराखुरा सांगितला, आणि त्या सत्याने त्याला नरक मिळाला, अशी कथा श्रीकृष्ण अर्जुनाला सांगतात. लोकमान्यांनीही १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या गीतारहस्यात, कर्मजिज्ञासा या प्रकरणात, सत्याच्या अपवादांची सविस्तर चर्चा केली आहे.

तथापि माझा प्रसंग कौशिकाएवढा मोठा नव्हता, हे मला कबूल केले पाहिजे. अक्कापाशी दोन दिवसांचे औषध होते. सोमवारी शाखा उघडणार होती. मोठ्या अपवादाची ढाल लहान सोयीपुढे धरणे हा आपल्या मनाचा जुना खेळ आहे. दुसरीकडे, माझ्या असत्याने बँकेची काही हानी झाली असेही दिसेना. जे तिला जाणण्याचा अधिकार होता, ते सर्व मी खरे सांगितले: माझे नाव, माझी खूण, माझे आकडे. खोटे होते ते केवळ वाहनाचे नाव. मग मनाला टोचत होते ते काय?

चार दिवस विचार केल्यावर त्याचे उत्तर मला सापडले. त्या शनिवारी बँकेच्या नोंदवहीत मी विंडोजवरून आलेला ग्राहक म्हणून मोजला गेलो. माझ्यासारखे जेवढे लोक नाव बदलून आत गेले, तेवढे सर्व तसेच मोजले गेले. उद्या बँकेचा एखादा सद्भावी अधिकारी विचारील, की फायरफॉक्स वापरणारे आपले ग्राहक किती? नोंदवही सांगेल, कोणीही नाही. मग तो म्हणेल, ज्या दाराने कोणी येतच नाही, ते उघडायचे कशाला? बँकेशी बोललेले असत्य बँकेला बाधत नाही; माझ्यामागून येणाऱ्याला बाधते. ज्याला नाव बदलण्याची युक्ती ठाऊक नाही, ज्याच्या शेजारी नातू बसलेला नाही, जो दृष्टिहीन असल्यामुळे वाचून दाखविणाऱ्या विशेष साधनावर अवलंबून आहे, असा माणूस दाराबाहेर उभा राहतो, आणि त्याची संख्या आम्ही आत शिरलेल्यांनी पुसून टाकलेली असते.

अमळनेरचे नाव निघाले म्हणून सांगतो. तेथे १९१६ साली प्रतापशेठजींनी तत्त्वज्ञान मंदिर उभे केले, आणि तेथील शाळेत साने गुरुजी शिक्षक होते. मे १९४७ मध्ये पंढरपूरचे मंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून गुरुजींनी उपोषण केले. त्या अन्यायाशी माझ्या अडचणीची तुलना करणे हा मर्यादाभंग होईल. तेथे पिढ्यान्‌पिढ्यांचा अवमान होता, येथे एका सकाळची गैरसोय. परंतु एक धडा त्यातून घेता येतो. नाव लपवून एकट्याने आत जाऊन दर्शन घेणे आणि दार सर्वांसाठी उघडावे म्हणून बाहेर राहणे, ही दोन वेगळी कर्मे आहेत. पहिल्याने दर्शन घडते. दाराला कळतही नाही.

तेव्हा मी पुढील गोष्टी केल्या. नातवाला सांगून ब्राउझरचे खरे नाव पुन्हा लावून घेतले. त्याला वाईट वाटू नये म्हणून हेही सांगितले, की त्या दिवशीची त्याची युक्ती मी पाप मानीत नाही. पण ती सवय होऊ देऊ नये. नंतर शाखेच्या व्यवस्थापकांना स्वहस्ते पत्र लिहिले. त्यात अमुक दिवशी मी दुसऱ्या ब्राउझरच्या नावाने आत आलो, हे प्रथम कबूल केले. आणि त्यामुळेच असे सिद्ध होते, की माझ्या साधनात कोणतीही उणीव नाही, हे त्याखाली लिहिले. रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०१४ मध्ये ग्राहकांच्या हक्कांची जी सनद काढली, तिच्यातील न्याय्य वागणुकीचा पहिला हक्क त्यांच्या निदर्शनास आणला. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोचण्याचा हक्क हा संविधानाच्या एकविसाव्या अनुच्छेदातील जीवनाच्या हक्काचाच भाग असल्याचे म्हटले आहे, तेही लिहिले. तो खटला अपंगत्व आलेल्या नागरिकांच्या ओळख पडताळणीचा होता, माझ्यासारख्यांचा नव्हता. तरी दार कोणाच्या मापाने बांधावे, हा प्रश्न दोन्हीकडे एकच आहे.

व्यवस्थापक सौजन्यशील गृहस्थ आहेत. त्यांनी मला बसविले, चहा मागविला आणि म्हणाले, “गुरुजी, तुमचं म्हणणं बरोबर आहे, पण हे आमच्या हातात नाही, वर ठरतं.” मी म्हटले, “मग हे पत्र वर पाठवा. एवढं तर तुमच्या हातात आहे ना?” ते थोडे थांबले आणि त्यांनी पत्रावर आवक शिक्का मारून मला पोच दिली.

त्या पत्राला अद्याप उत्तर आलेले नाही. अक्काचे पैसे आता मी महिन्याच्या पहिल्या आठवड्यात शाखेत जाऊन पाठवितो. बमरोलीहून चालत अर्धा तास लागतो, आणि रांगेत आणखी अर्धा. पण निघण्यापूर्वी दर खेपेस संगणक उघडून एकदा बँकेच्या दाराशी जातो, माझ्या साधनाचे खरे नाव सांगतो, आणि नकार आला म्हणजे संगणक बंद करून चपला घालतो. तो नकार त्यांच्या नोंदवहीत कोठेतरी उतरत असेल. नातू म्हणतो, एका माणसाच्या एका नकाराने काय होणार? त्याला मी एवढेच सांगितले, की तो आकडा आता शून्य राहिलेला नाही.